आत घेणारी नळी

पदराचं टोक मशीनच्या तोंडात गेलं आणि सुंदराबाईंना खांद्यापाशी हिसका बसला. फार मोठा नव्हे. लहान पोरानं खाऊसाठी पदर धरून ओढावा, तेवढाच. त्यांची सून शर्मिला दर रविवारी ते धूळ ओढायचं मशीन घरभर फिरवायची, आणि ते फिरेपर्यंत सुंदराबाई सोफ्यावर पाय वर घेऊन, घरात पाणी शिरल्यासारख्या बसून राहायच्या. पाय वर असले तरी तोंड चालू असायचं. आमच्या टायमाला केरसुणी होती, तिला वीज लागत नव्हती, केर निघाला की दाराबाहेर जायचा, असा पोटात घालून घरभर मिरवत नव्हतं कोणी. शर्मिला यावर काही बोलली नाही. ती बोलत नसे. तिनं बटण बंद केलं, वाकून पदर सोडवला, चुरगळलेलं टोक तळहातावर ठेवून सरळ केलं आणि विचारलं, "आई, लागलं नाही ना?" "पदराला काय लागतंय? तुझं मशीन भुकेलं दिसतंय, त्याला नाश्ता दे," सुंदराबाई म्हणाल्या, आणि हे त्यांनी नेहमीसारखंच, जीभ आपोआप म्हणते तसं म्हटलं. पण बोलणं निघून गेलं तरी तो हिसका खांद्यावर तसाच बसून राहिला. नळीचं काळं तोंड फरशीवर उताणं पडलं होतं. सुंदराबाई त्याच्याकडं बघत राहिल्या. नळी ओढते. केवढीशी गोष्ट ती. आणि जन्म नळ्यांत गेलेल्या बाईला ती आज, सोफ्यावर पाय घेऊन बसल्यावर कळावी?

कारण त्यांच्या नळ्या फेकायच्या. नवऱ्याचं, धोंडिबाचं दुकान वारज्यात हायवेला लागून होतं, अजून आहे, आता मुलगा संजय बघतो. टेम्पो, ट्रक, ट्रॅक्टर, डबड्यातून उठवलेल्या जीपगाड्या, ज्याला जसा सायलेन्सर पाहिजे तसा पाइप वाकवून द्यायचा. इंजिनाच्या पोटातला धूर, ठिणगी, काजळी, जे काय नकोसं असेल ते त्या नळीनं धरायचं आणि मागच्या बाजूनं रस्त्यावर फेकायचं. नळीच्या तोंडापाशी हात धरला की गरम वारा हातावर येतो. हवा एवढंच करते अशी सुंदराबाईंची समजूत होती, आणि ती चुकीची ठरवायला कुणी आलं नव्हतं. पातळ पाइप नुसता वाकवला तर वळणावर चपटा होतो, म्हणून त्यात आधी वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडांना लाकडी खुंट्या मारायच्या, मग तापवून वाकवायचा. वाळू आतून धरून ठेवते, पाइपाचं पोट मोडत नाही. खुंट्या काढल्या, पाइप उलटा केला, दोन ठोके दिले की वाळू घळाघळा बाहेर. थोडी राहते. वळणात एखादी खपली धरून बसते, विशेषतः वाळूत ओल राहिली असली तर. राहू दे. गाडी चालू झाली की पहिल्याच फुसक्याला उडून जाते. गिऱ्हाईक विचारायचं, "वाळू निघाली का हो सगळी?" आणि धोंडिबा वर न बघता म्हणायचा, "निघाली." सुंदराबाईही तेच म्हणायच्या. ते खोटं नव्हतं. निघणारच असायची ती, नाक्यापर्यंत जाईस्तोवर.

पूर्वानंही तेच विचारलं होतं. आज सकाळी लोणी काळभोरला निघालेली त्यांची नात, शर्मिलाची पोर, डोक्याला हेल्मेट आणि पाठीला सॅक लावून दारात उभं राहून आजीला "चल ना गं, तुझे पाइप पहिल्यांदा चालणार आहेत" म्हणून विनवणारी आणि आजीनं "मी काय मांडवातली करवली हाय का, मिरवायला?" म्हटल्यावर हसत निघून गेलेली पूर्वा. तिनं गेल्या महिन्यात दुकानात उभं राहून विचारलं होतं, "आजी, वाळू सगळी निघाली ना?" आणि सुंदराबाईंनी हात झटकून सांगितलं होतं, "निघाली." तिसऱ्या नळीच्या दुसऱ्या वळणात ठोका बद्द वाजला होता, हे त्यांच्या हाताला ठाऊक होतं. हाताला ठाऊक होतं, आणि तोंडानं निघाली म्हटलं, कारण तोंडाला वाटलं होतं, उडून जाईल. कुठं उडून जाईल? ही नळी फेकणारी नव्हती. ही इंजिनाला हवा पाजणारी नळी होती. हिच्या तोंडापाशी पदर धरला असता तर पदर आत गेला असता.

सुंदराबाई सोफ्यावरून उठल्या. मग त्यांनी फोन घेतला. फोनमध्ये नावं नव्हती, फोटो होते, कारण दुसरीतनं शाळा सुटलेली; पूर्वाच्या हसऱ्या फोटोवर बोट दाबलं, रिंग जात राहिली, कुणी उचललं नाही. पुन्हा दाबलं. संजय पाइप आणायला वाघोलीला गेलेला, त्याचाही फोन लागेना. तिसऱ्यांदा दाबताना बोट फोटोतल्या पोरीच्या डोळ्यावर पडलं आणि त्यांनी फोन खाली ठेवला. "शर्मिले," त्या म्हणाल्या, "गाडी काढ. लोणीला जायचंय. आत्ताच्या आत्ता." शर्मिला मशीनची वायर गुंडाळत होती. तिनं सासूच्या तोंडाकडं एकदा बघितलं, वायर तशीच टाकली आणि चावी घेतली.

स्कूटर वारज्यातून बाहेर पडून पुलाखालून कात्रजच्या दिशेला लागली तेव्हा सुंदराबाईंना पहिल्यांदा कळलं की शर्मिला अशी गाडी चालवते. रोज महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात जाते, ते कशी जाते हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. घरात भाजी निवडताना, कणीक मळताना जी बाई अर्धा दिवस लावते ती इथं दोन टँकरच्या मधून सुई ओवल्यासारखी गेली. सुंदराबाईंनी तिच्या कमरेला हात घातला होता. इतकी वर्षं एका घरात राहून त्यांनी या बाईच्या कमरेला हात लावला नव्हता. गरम होती, दमट होती, कुर्त्याच्या आत श्वास वरखाली होत होता. विचारेल, त्यांना वाटलं, पुढच्या सिग्नलला विचारेल, काय झालं, कशासाठी, रविवारचं ऊन डोक्यावर घेऊन कुठं नेताय. सिग्नल आला, सुटला. शर्मिलानं विचारलं नाही.

त्या नळ्यांचं सगळं पूर्वानंच सांगितलं होतं, जेवताना, ताटातला समोसा हातात घेऊन. आजी, या इंजिनात दट्ट्या वरखाली होत नाही. आत असा तीन कोपऱ्यांचा लोखंडाचा गोळा असतो, समोशासारखा, तो गोल गोल फिरतो. असे दोन समोसे शेजारी शेजारी. जपानी मोटारीतलं आहे, जुनं; दिग्विजयकाका विमान बांधतायत ना, त्यांनी कुठून तरी मिळवलंय. हलकं असतं, आणि बंद पडताना एकदम पडत नाही, म्हणून घरी विमान बांधणाऱ्या लोकांना आवडतं. पण मोटारीतल्या त्याच्या नळ्या उंच असतात, विमानाच्या नाकाडात मावत नाहीत. त्या आपण नव्यानं करायच्या. "मग कर की, एवढा अभ्यास कशाला?" "अगं, लांबी चुकली तर ताकद जाते." आणि मग पोरगी सांगत बसली की एका समोशाचं दार बंद झालं की आत निघालेली हवा दारावर आपटून मागं फिरते, आणि नळ्यांची लांबी बरोबर असेल तर ती मागं फिरलेली हवा नेमकी दुसऱ्या समोशाचं दार उघडं असताना तिथं पोचते आणि आत घुसते, फुकटची. सुंदराबाईंना ते पटकन कळलं. "पीएमटीच्या बससारखं," त्या म्हणाल्या. "पुढचं दार तोंडावर आपटलं की सगळी गर्दी मागच्या दाराला." पूर्वा इतकी हसली की समोसा आमटीत पडला. मग तिनं ते आपल्या ऑफिसातल्या लोकांनाही सांगितलं म्हणे, माझी आजी असं म्हणाली. सुंदराबाईंनी वरवर म्हटलं, "माझ्या नावानं दुकान चालव तू," पण त्या दिवशी दुपारी शेजारच्या बाईला त्यांनी दोन समोशांची गोष्ट स्वतःहून सांगितली, आणि त्या बाईला कळली नाही याचा त्यांना फार आनंद झाला.

नंतर नळ्या. कॉम्प्युटरवर काढलेली चित्रं हिरव्या-निळ्या सापांसारखी होती. नाकाडाच्या आत जागा टिचभर, त्यात वर जाऊन वळायचं, पुन्हा आत वळायचं. संजयच्या मशीनवर अॅल्युमिनिअमचा पातळ पाइप दुसऱ्या वळणाला चपटा झाला. तीन पाइप वाया गेल्यावर पूर्वा आजीकडं आली. "आजोबा वाळू भरायचे ना? तू भरायचीस ना?" काय वाटलं होतं तेव्हा! असं कुणी विचारेल म्हणून जणू एवढी वर्षं तयार बसल्यासारखं. अॅल्युमिनिअम तापवायला धोंडिबाची साबणाची युक्ती सांगितली, पाइपाला कपड्याचा साबण चोळायचा, साबण काळा पडला की झालं, त्यापुढं नेलं की पाइप मेणासारखा बसतो. साबण काळा पडला आणि पूर्वानं "वा, आजी!" म्हटलं. वाळू मात्र नदीची नव्हती. नदीची आता मिळते कुठं. क्रशरची, दगड फोडून केलेली, तिच्यात पीठ फार. सुंदराबाईंनी चाळली, तव्यावर भाजली, पण शेवटची खेप भाजताना पूर्वा घाईला आली होती आणि त्यांनाही दाखवायचं होतं की या वयात आपला हात किती चालतो. "झाली कोरडी." झाली नव्हती. ओल आणि पीठ एकत्र आलं की वळणात खपली धरते. हे कुणाला शिकवायला नको होतं. आणि कोपऱ्यांच्या त्या बारीक पट्ट्यांचंही पूर्वानं सांगितलं होतं, समोशाच्या तिन्ही कोपऱ्यांना बसवलेल्या, काजळकाडीएवढ्या. वाळूचा एक कण आत गेला की ओरखडा. ओरखडा लगेच दिसत नाही. इंजिन चालतं, गोड चालतं, आणि मग एक दिवस दम जातो. "मग?" "मग काय आजी, रस्त्यावर असलीस तर ढकलत नेशील." ती पुढं बोलली नव्हती. पुढच्या महिन्यात विमान जेव्हा वर जाईल तेव्हा दिग्विजयच्या शेजारच्या खुर्चीत बसून काटे बघायचं काम पूर्वाचं होतं. वर रस्ता नसतो.

कोंढव्याच्या पुढं रस्ता खोदला होता. शर्मिलानं स्कूटर कडेच्या मुरमावरून घेतली आणि सुंदराबाई तिच्या पाठीवर आदळल्या. "धरा नीट, आई." एवढंच. धुरळ्याच्या वासानं नवीन लग्नातलं दुकान आठवलं, की दुकान मघापासून मनात होतंच. तेव्हा त्या जेवणाचा डबा घेऊन गेल्या होत्या. धोंडिबा पाइपात वाळू भरत होता, वाळू बसत नव्हती. त्यानं लाकडी हातोडी त्यांच्या हातात दिली. ठोकत राहा. किती ठोकू? बसेस्तोवर. त्या ठोकायला लागल्या आणि ठोकता ठोकता बोलायला लागल्या, सासूबद्दल, चाळीतल्या नळाबद्दल, एका टेम्पोवाल्याबद्दल, ज्याच्या घरात धोंडिबाला पाण्याचा गडू मिळाला नसता आणि जो गाडीखाली आडवं पडायला मात्र त्यालाच हाका मारत यायचा. बोलता बोलता हात जोरात पडत होते. गप्प बस, असं घरातल्या सगळ्यांनी म्हणून झालं होतं. आई म्हणायची, सासू म्हणायची. धोंडिबा म्हणाला, "बोल, बोल. वाळू बसतीय." बस. त्यानं त्यांना आयुष्यात एवढंच दिलं असं नव्हे, पण दुसरं काही दिलं नसतं तरी चाललं असतं. जीभ ही कामाची गोष्ट आहे असं मानणारा माणूस त्यांना मिळाला. याबद्दल त्यांनी त्याला कधी काही म्हटलं नव्हतं. आभार हे माइकवर मानायचे असतात, कार्यक्रम संपताना, लोक चपला शोधत असताना. घरात कोण कुणाचे मानतं? पण आता, उन्हात, सुनेच्या पाठीला गाल लागलेला असताना, मेलेल्या नवऱ्याबद्दल छातीत असं काही दाटून आलं की त्यांना हातोडीसारखं काहीतरी हातात पाहिजे होतं.

बोललं की गेलं, हे त्यांचं शास्त्र होतं. जे आत साठतं ते माणसाला कुजवतं. आपण बोलून मोकळं व्हावं, रस्त्यावर पडतं ते, गाड्या जातात त्याच्यावरून. समोरच्या मानेकडं बघताना ते शास्त्र आज नीट बसत नव्हतं. शर्मिलाच्या मानेवर घामाचे थेंब होते, केसांचा अंबाडा ढिला झाला होता. एकदा हिला बढती मिळाली होती. पेढे आणले होते पाव किलो. सुंदराबाईंनी एक तोंडात टाकून म्हटलं होतं, "तुमच्या हापिसातल्या फायलीसारखे लागतायत गं, वर्षभर पडून राहिल्यागत." सगळे हसले. शर्मिलाही हसली होती, आधी तीच हसली होती. त्यानंतर घरात पेढे आले नाहीत. त्यानंतर बढती झाली की नाही, तेही कळलं नाही. ते वाक्य उडून गेलं होतं ना? गेलं म्हणजे कुठं गेलं? रस्ता तर समोर नव्हताच, समोर शर्मिला होती. सुंदराबाईंनी विचार तिथंच सोडला, कारण पुढं गेलं असतं तर चक्कर आली असती आणि आज चक्कर येऊन चालणार नव्हतं. "जरा जोरात घे," त्या म्हणाल्या. शर्मिलानं जोरात घेतली.

मंतरवाडीच्या पुढं ऊस लागला. लोणीच्या अलीकडं दिग्विजयची शेती; एका बाजूला प्लॉट पाडलेले, एका बाजूला अजून ऊस, मधे जुनी लांबलचक पत्र्याची शेड. दारात फुटका नारळ पडला होता, पाणी अजून ओलं होतं, दगडावर हळदकुंकू. सुंदराबाईंच्या घरात नारळ फुटत नव्हते, पण फुटलेल्या नारळाचा अर्थ त्यांना कळत होता: काम सुरू झालं. शेडच्या पुढं विमान उभं होतं. एवढंसं. त्यांच्या मनात ते फार मोठं होतं. हे तर पंख लावलेली मारुती. शेपटीला दोर बांधून दोर ट्रॅक्टरला अडकवला होता, ट्रॅक्टरपाशी दिग्विजय, गळ्यात चष्मा लटकावलेला, टक्कल उन्हात चमकतंय, हातात आग विझवायचं लाल नळकांडं. आत काचेमागं पूर्वा, कानांवर वाट्यांसारखे, बाहेरचा आवाज अडवणारे हेडफोन. आणि पंखा फिरत होता. जोरात नव्हे, घर्र घर्र करत, कंटाळल्यासारखा. पण फिरत होता, म्हणजे समोसे फिरत होते, म्हणजे दारं उघडत होती आणि मिटत होती, म्हणजे नळ्या ओढत होत्या.

"बंद कर!" सुंदराबाई ओरडल्या. त्यांचा आवाज हायवेच्या पलीकडल्या टपरीवर चहा सांगायचा. "पूर्वे, बंद कर ते!" दिग्विजयनं वळून बघितलं, हात वर करून हसला, त्याला वाटलं, आजी आली. सुंदराबाईंनी पाऊल उचललं, गाडीवर आखडलेला गुडघा वळेना, स्कूटरचा आरसा धरून त्या तशाच उभ्या राहिल्या आणि पुन्हा ओरडल्या, पुन्हा, आणि त्यांच्या जन्मभराच्या आवाजाला त्या उन्हात कुणी ओळखलं नाही. तेवढ्यात स्कूटर धाडकन आडवी पडली. आरसा हातातून निसटला. शर्मिला गाडी स्टँडला न लावताच निघून गेली होती. ती धावली नाही. भराभर, लांब ढांगा टाकत, पंख्याच्या समोरून नव्हे, बाजूनं, पंखाच्या टोकाला वळसा घालून काचेपाशी गेली आणि पोरीच्या नजरेसमोर दोन्ही हातांची फुली केली. पूर्वाचा हात हलला. पंखा आणखी दोन फेरे कसाबसा फिरला आणि थांबला.

मग त्या शांततेत सुंदराबाई पोचल्या. दिग्विजय म्हणत होता, "मावशी, आधी पाणी घ्या, बसा." "पाणी नको. नळ्या काढा." पूर्वा बाहेर आली होती, कान मोकळे करत. "आजी? काय झालं? आईनं फुली केली, मला वाटलं आग लागली." "तिसऱ्या नळीत वाळू हाय." हे सगळ्यांसमोर बोलताना आपलं काय होईल असं त्यांना वाटेत वाटलं होतं, काही झालं नाही. शब्द नुसते निघाले. "अगं, मी हवा मारली होती. टॉर्चनं बघितलं होतं." "वळणापल्याड दिसतं का टॉर्चनं? दोन वळणं हायेत. तू मला विचारलंस, मी सांगितलं निघाली. नव्हती निघाली. ठोका बद्द लागला होता. मला वाटलं, उडून जाईल." पूर्वा त्यांच्याकडं बघत राहिली. "कुठं उडून जाईल, आजी?" "तेच तर," सुंदराबाई म्हणाल्या आणि मातीत बसल्या.

नळ्या काढायला वेळ लागला. पूर्वा सांगत होती, हाताला काम चालू ठेवून, कदाचित आजीसाठी, कदाचित स्वतःसाठी, की इंधन सोडलंच नव्हतं, ठिणगीही नव्हती, नुसतं स्टार्टरवर फिरवून आतल्या भागांना तेल चढवत होतो, फार ओढ नसते त्यात. तिसरी नळी सुटली. शर्मिलानं आपली पांढरी ओढणी मातीवर अंथरली. पूर्वानं नळी उलटी धरली, पान्याच्या मुठीनं ठोकली. काही नाही. पुन्हा ठोकली. ओढणी पांढरीच. काही निघू नये, असं सुंदराबाईंना वाटलं. आणि निघावं, असंही वाटलं, दोन्ही एकाच वेळी, इतक्या जोरात की कानात घुमायला लागलं. "वर नको ठोकू," त्या म्हणाल्या, "वळणाच्या पोटाला. हळू. सारखं." पूर्वा हळू ठोकत राहिली. टक टक टक. आणि नळीचा आवाज बदलला, बद्द होता तो खणखणीत झाला, आणि ओढणीवर मसुरीच्या डाळीएवढी करडी खपली पडली, पडताना फुटली, तिचे चार तुकडे आणि चिमूटभर पीठ झालं.

पूर्वा इंजिनाकडं गेली, उघड्या दारांत टॉर्च मारला, पांढऱ्या फडक्याला तेल लावून बोटानं आतून पुसून घेतलं. फडकं आणलं, उन्हात उलटंपालटं केलं, दिग्विजयला दाखवलं. तेल. नुसतं तेल. "गेली नाही आत," ती म्हणाली, आणि मग आजीपाशी बसून तिनं डोकं आजीच्या खांद्यावर, पदर ओढला गेला होता तिथंच, टेकवलं. सुंदराबाईंना कळलं नाही, हिला थोपटावं की आपल्याला कुणी थोपटावं. डोळ्यांसमोर ऊस हलत होता. हवा किती होती. एवढी हवा आपल्याभोवती असते आणि आपण ती मोजत नाही. आत येते, जाते, कुणी विचारत नाही की काय घेऊन आलीस. त्यांना एकदम सगळ्यांबद्दल बरं वाटलं, वाटेतल्या टँकरवाल्यांबद्दल, रस्ता खोदणाऱ्यांबद्दल, त्या टकल्या माणसाबद्दल, ज्यानं नारळ फोडायला वेळ घालवला. "तुमचा नारळ फुकट गेला," त्या दिग्विजयला म्हणाल्या. "फुकट कसा? खोबरं खाऊ," तो म्हणाला आणि खरंच करवंटी घेऊन आला. "आणि मावशी, पुढच्या वेळी बोलावल्यावर या. आज नारळावर भागलं."

शर्मिला मातीतनं स्कूटर उचलत होती. एका बाजूचा दिवा फुटला होता. सुंदराबाई उठून तिच्यापाशी गेल्या, हँडलला हात लावला, उचलायला म्हणून, पण त्यांच्यानं काय उचललं जातंय. "तू विचारलं न्हाईस," त्या म्हणाल्या. "कशासाठी चाललोय म्हणून." शर्मिलानं कुर्ता झटकला. "विचारलं असतं तर तुम्ही सांगत बसला असता, आई. कात्रजपर्यंतच पोचलो असतो." सुंदराबाईंना हसू आलं, पोटातून, खोकला येईपर्यंत. असा नेमका टोला त्यांना कित्येक वर्षांत कुणी दिला नव्हता, आणि ही बाई तो एवढा धारदार करून कुठं ठेवून बसली होती? "बरं केलंस," त्या म्हणाल्या. "शर्मिले, लई बरं केलंस." शर्मिलानं मान खाली घातली नाही, बघत राहिली, आणि सुंदराबाईंनीच आधी नजर फिरवली.

दिग्विजयनं बादलीभर पाणी आणलं, विहिरीचं, गाळून घेतलेलं, आणि एक पितळी तांब्या. नळ्या धुवायच्या ठरल्या, एकेक, सगळ्या, आणि प्रत्येक पाणी फडक्यातून गाळून बघायचं. पूर्वानं तिसरी नळी आजीपुढं धरली. "तू सांग आजी. तू म्हणालीस झाली तरच बसवते." ती हे मनापासून म्हणत होती; पोरीच्या तोंडावर अविश्वासाची रेघही नव्हती, आणि तेच सुंदराबाईंना सोसलं नाही. त्यांनी नळी घेतली, तिचं गुळगुळीत पोट दोन्ही हातांत क्षणभर धरलं आणि शर्मिलाला दिली. "तू बघ." "मला काय कळतं त्यातलं?" "कळायचं काय त्यात? दिसलं तर सांग. मी बघितली तर मी झाली म्हणीन."

शर्मिलानं फडकं नळीच्या खालच्या तोंडाला ताणून धरलं. सुंदराबाईंनी वरून पाणी ओतलं. शर्मिलानं फडकं सोडवलं, उन्हात धरलं, जवळ आणलं, लांब नेलं, तिरपं केलं. फार वेळ लावला. दिग्विजयनं सूर्याकडं बघितलं. पूर्वानं ओठ चावला. फडकं स्वच्छ होतं, सुंदराबाईंना दोन हातांवरूनही ते दिसत होतं, आणि त्यांच्या तोंडात झाली हा शब्द येऊन उभा राहिला होता.

"अजून एकदा," शर्मिला म्हणाली.

सुंदराबाईंनी तांब्या बुडवला, भरला आणि ओतला. शर्मिलानं पुन्हा फडकं उन्हात धरलं, पुन्हा तेवढाच वेळ. नळीतून थेंब पडत होते. त्या नुसत्या उभ्या राहिल्या, तांब्या छातीशी धरून, सुनेच्या तोंडाकडं बघत, ती काय म्हणते याची वाट पाहत.

"अजून एकदा, आई."

त्या बादलीकडं वाकल्या.